विगिलच्या नावाचे मुके उतरणे

२२ ऑगस्ट १९९३, रविवार. एक माणूस, सहा गायी.

माणसाचे नाव विगिल, वय एकेचाळीस, घर लेर्खहोफ. गायींपैकी चार लेर्खहोफच्या, एक शेजारच्या आफ्राची, एक गिरणीवाल्याची. ठिकाण कड्याचे कुरण, वेळ दुपारी चारच्या सुमाराची. त्याआधी वीस मिनिटे रोपवे थांबवण्यात आला होता आणि हिमनदी पाहण्याच्या सज्जावरचे सगळे पाहुणे आत घेण्यात आले होते. पाहुण्यांपैकी कोणालाही इजा झाली नाही, हे पर्यटन मंडळाने दुसऱ्या दिवशी काढलेल्या पत्रकाचे पहिले वाक्य होते. विगिलचे नाव तिसऱ्या वाक्यात होते.

वीज पडली तेव्हा त्याची बहीण नोटबुर्गा खाली घरात होती. सारे खोरे तिला बुर्गल म्हणते. घरात पाहुण्यांच्या सात खाटा होत्या आणि ऑगस्टात त्यांपैकी एकही रिकामी नसे. जेवणघरात एका जोडप्याने नकाशा पसरून तिला विचारले होते, की उद्या हवा निवळली तर काय पाहण्यासारखे आहे. हा प्रश्न ती वर्षातून तीनशे वेळा ऐकत असे. बसथांब्यावरच्या फलकावर जो क्रम होता त्याच क्रमाने तिने उत्तर दिले: पहिली घळ आणि तिच्यावरचे लाकडी पूल, दुसरा हिमनदीचा सज्जा, तिसरे कवट्यांवर नावे रंगवलेले अस्थिगृह, चौथा धबधबा, पाचवे कड्याचे कुरण आणि सप्टेंबरात तिथून गुरांचे उतरणे, सहावी जुनी पाणचक्की, सातवे तळे. पाचव्या क्रमांकाशी ती नेहमीच क्षणभर थांबे, कारण तो तिच्या घरचा होता. त्या दिवशी ती तिथे थांबली असताना खिडकीच्या काचा थरथरल्या. तिने पुढे सहावा क्रमांक सांगितला. तिला ते अजून आठवते.

*

पाचवा क्रमांक फलकावर कसा आला, हे आधी सांगितले पाहिजे.

१९८१ च्या जानेवारीत बुर्गलच्या आईला छातीत कळ आली. लेर्खहोफ गावापासून चारशे मीटर उंचावर आहे आणि तेव्हा वर यायला केवळ पायवाट होती. विगिलने आणि दोघा शेजाऱ्यांनी आईला गवत वाहायच्या घसरगाडीवर बांधून खाली नेले. अडीच तास लागले. डॉक्टर पुलाशी उभा होता; त्याने घोंगडी उचलली आणि पुन्हा खाली सोडली.

तीन वर्षांनी पर्यटन मंडळाने रस्ता देऊ केला. डांबरी, दारापर्यंत, हिवाळ्यात बर्फ हटवण्यासकट. मंडळाचा अध्यक्ष आल्बुइन हा बुर्गलच्या मामेघरचा, तिच्याबरोबर एकाच बाकावर शाळा शिकलेला. तो करारपत्र घेऊन आला, आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून त्याने ते मोठ्याने वाचले. त्यात बाल्कनीतल्या फुलझाडांची गोष्ट होती, छपराला पत्रा न घालता लाकडी फळ्याच ठेवण्याची होती, आणि नवव्या कलमात असे होते, की स्वच्छ हवेच्या दिवशी गुरे संध्याकाळी पाच वाजेपर्यंत कड्याच्या कुरणावर, रोपवेमधून दिसतील अशी, राखली जावीत.

"पाचपर्यंत?" विगिल हसला. "ढगांना घड्याळ कळतं का रे आल्बुइन?"

"अरे, स्वच्छ हवेच्या दिवशी म्हटलंय. ढग आले तर आण की खोपीशी."

"ढग आले हे कळेपर्यंत वीज येऊन गेलेली असते. आमचे बाबा ऑगस्टात एकच्या ठोक्याला गुरं खाली घ्यायचे."

"तुझ्या बाबांच्या वेळी वर बघायला कोण होतं?"

"गाय होती. ती बघायची."

आल्बुइनही हसला. कागद त्याने बुर्गलसमोर सरकवला, कारण जमीन थोरल्या अपत्याच्या नावावर होती. बुर्गलने विगिलकडे पाहिले.

"कर सही," विगिल म्हणाला. "रस्ता हवाच आहे. गुरांना मी सांगतो, बायांनो, पाचपर्यंत पोटं आत घेऊन उभ्या राहा, फोटो निघतायत."

तिने सही केली. त्या सहीत लोभ नव्हता, हे खोऱ्यातला प्रत्येक माणूस आजही सांगेल. एका घसरगाडीची आठवण त्या सहीमागे होती. परंतु चांगल्या कारणासाठी केलेली सही वाईट कारणासाठी केलेल्या सहीइतकीच बांधून घालते, आणि नवव्या कलमाने पुढची नऊ वर्षे विगिलला बांधून घातले.

तो कलम पाळी, आणि अधूनमधून मोडी. १९९३ च्या जुलैत मंडळाकडून एक सभ्य पत्र आले: त्या महिन्यात दोनदा, स्वच्छ हवा असताना, चार वाजता कुरण रिकामे दिसले, सहकार्य अपेक्षित आहे. बुर्गलने पत्र स्वयंपाकघरातल्या खिळ्याला टोचले. विगिल गुरांसाठी मीठ न्यायला खाली आला तेव्हा तिने बोटाने ते दाखवले.

"जरा पाळ रे ते पाचचं. आल्बुइनला खाली मान घालायला लागते."

"त्याची मान तशीही आखूडच आहे," विगिल म्हणाला. मिठाची पिशवी त्याने खांद्यावर टाकली. "बरं. पाळतो."

बावीस ऑगस्टला साडेतीनपर्यंत आभाळ धुतल्यासारखे स्वच्छ होते.

*

या खोऱ्यात गुरे जूनमध्ये वर जातात आणि सप्टेंबरात उतरतात. उन्हाळा सुखरूप पार पडला तर ती फुलांनी उतरतात. प्रत्येक गाईच्या गळ्यात मोठी घंटा असते, आणि सर्वांपुढे चालणाऱ्या म्होरकीच्या कपाळावर बाशिंग बांधतात: देवदाराच्या कोवळ्या फांद्या, कागदी गुलाब, मधोमध आरसा, वर क्रूस. आरशात वाईट शक्ती स्वतःचे तोंड पाहून पळते, असे जुने लोक म्हणत. परंतु त्या उन्हाळ्यात वर माणूस गेले असेल, किंवा ज्या घराची गुरे वर आहेत त्या घरात मृत्यू झाला असेल, तर सगळा कळप बिनफुलांचा उतरतो. घंटा काढत नाहीत. त्यांत गवत कोंबतात. गळ्यात ओझे तेवढेच राहते, आवाज राहत नाही. याला मुके उतरणे म्हणतात. बुर्गलने लहानपणी एक पाहिले होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोक टोप्या काढून उभे होते आणि फक्त खुरांचा आवाज येत होता.

मुके उतरणे त्याच वर्षाचे असते. ते पुढच्या वर्षावर टाकता येत नाही. आणि कळप पाच घरांचा असला तरी शब्द एकाच घराचा चालतो: ज्या घरचे माणूस गेले त्याचा.

विगिलला पुरले त्याच्या दहाव्या दिवशी आल्बुइन वर आला. दारातच त्याने टोपी काढली. शवपेटीला त्याचाही खांदा होता आणि तीन संध्याकाळी तो जपमाळेला गुडघ्यांवर बसला होता. त्याच्या दुःखात खोट नव्हती. बुर्गलने त्याच्यापुढे रश्शातले पावाचे गोळे ठेवले. त्याने अर्धे खाल्ले.

"बुर्गल, मी विचारायला आलोय. सांगायला नाही."

"तेच तर अवघड करून ठेवतोस. सांगितलं असतंस तर भांडता आलं असतं."

"अठरा तारखेला चौदा बस येतायत. पत्रकं जानेवारीत छापलीत गं."

"जानेवारीत विगिल जिवंत होता."

आल्बुइनने चमचा खाली ठेवला. "म्होरकीला काळी फीत बांधू. फुलांच्या मध्ये, सगळ्यांना दिसेल अशी."

"मग पाहुणे विचारतील ही फीत कसली, आणि तुमची ती माईकवाली मुलगी सांगेल, ही इथली एक सुंदर प्रथा आहे."

"मग काय सांगू लोकांना?"

"खरं सांग. माणूस मेलाय."

"सुट्टीवर आलेल्या माणसांना?"

बुर्गल उठली, खिळ्याला टोचलेले जुलैचे पत्र काढले आणि त्याच्या ताटलीशेजारी ठेवले. आल्बुइनने ते वाचले नाही. ते त्यानेच लिहिले होते.

"तो आणू शकत होता गुरं खाली," तो हळू आवाजात म्हणाला. "कलमात स्वच्छ हवा म्हटलंय."

"हवा स्वच्छच होती. साडेतीनपर्यंत."

त्याने पत्र पालथे घातले. मग आल्बुइन म्हणाला, "तू नाही म्हणालीस तर नाही. मी बस परतवीन. कोणी तुला एक शब्द बोलणार नाही, हे मी बघतो."

तो गेल्यावर बुर्गलला कळले की यापेक्षा वाईट काही तो बोलूच शकला नसता.

कारण खरोखरच कोणी एक शब्द बोलले नाही. गिरणीवाल्याने वर्षाचे सरपण फोडून दिले आणि तो निघून गेला. विगिलच्या जागी गुरांकडे जायला चार घरांचे पुरुष आळीपाळीने वर जात होते. तेही दारावरून जाताना मान हलवत, इतकेच. प्रत्येक घरात पाहुण्यांच्या खोल्या होत्या, आणि उतरण्याच्या आठवड्यावर त्या खोल्यांचा हिवाळा अवलंबून होता. समाज जेव्हा आपली रूढी मोडू इच्छितो पण मोडणारा होऊ इच्छित नाही, तेव्हा तो ती अत्यंत आदराने एका माणसाच्या हातात देतो. बुर्गलच्या हातात ती अशी दिली गेली. तिला नकाराचा पूर्ण अधिकार होता, आणि चारही बाजूंनी त्या अधिकाराच्या भिंती उभ्या होत्या.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आफ्रा आली. ही खालच्या अंगाची शेजारीण, अठ्ठावन्न वर्षांची विधवा. त्याच वसंतात तिने गोठ्याच्या वरच्या माळ्याच्या चार खोल्या केल्या होत्या. ती बाकावर बसली, बुर्गलच्या पुढ्यातली टोपली ओढली आणि शेंगा सोलू लागली.

"कशाला आलीस?"

"शेंगा सोलायला. तुझ्या जास्त दिसल्या."

"तुझीही गाय गेली."

"गेली. म्हणून काय तुझ्या दारात रडायला येऊ? माझी गाय होती, तुझा भाऊ होता."

दोघी सोलत राहिल्या.

"खोल्या भरल्यात," थोड्या वेळाने आफ्रा टोपलीकडे बघत म्हणाली. "उतरण्याच्या आठवड्याला. चारही. पहिल्यांदाच."

"हं."

"मी विचारत नाहीये हं, बुर्गल."

"माहितीये. कोणीच विचारत नाहीये. सगळं खोरं शेंगा सोलतंय."

आफ्रा हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. तिने मांडीवरची टरफले झटकली. "मी मेले ना, तर माझ्या वेळी गवत कोंबा घंटांत. पण विगिलच्या वेळी..." ती उठून गेली. जाताना तिने दार इतक्या हलक्या हाताने लावले, की ते लागलेच नाही.

*

दुसऱ्या दिवशी बुर्गल विगिलची खोपी आवरायला वर गेली. रोपवेने गेली असती तर बारा मिनिटे लागली असती; ती चालत गेली. खोपीत त्याचा दुसरा बूटजोड होता, दाढीचे सामान, धुरी दिलेल्या मांसाचा वाळलेला तुकडा. आणि खाटेखाली एक लाकडी खोके. त्यात बाशिंग होते. तारेचा सांगाडा पुरा झाला होता, आरसा बसवला होता. शेजारी कागदी गुलाब, लाल आणि पांढरे. तिने मोजले: त्रेचाळीस. चव्वेचाळिसावा अर्धाच वळलेला होता.

ती खाटेवर बसली. गुराखी ऑगस्टच्या संध्याकाळी फुले वळतो, यात नवल काहीच नव्हते; त्यांचे वडीलही वळत. परंतु त्या दुपारी, तीन आठवडे कोणाशी मनातले न बोललेल्या त्या बाईला ते खोके म्हणजे कोणीतरी अखेर दिलेले उत्तर वाटले. ही फुले त्यानेच केली आहेत, ती मनाशी म्हणाली. फुले घालाच, असे तो म्हणतो आहे.

चूक झाली ती इथे. ती फुले जिवंत माणसाने सुखरूप उन्हाळ्यासाठी वळली होती. अर्धा राहिलेला गुलाब हाच त्यातला खरा निरोप होता, आणि तो तिने तिथेच बसून, त्याच्या खाटेवर, पुरा वळला. मग आणखी सोळा केले. संध्याकाळी खाली आल्यावर ती आल्बुइनच्या घरी गेली आणि दारातूनच म्हणाली, "फुलांनी उतरव."

आल्बुइन उंबऱ्यापाशी उभा होता. त्याने मान खाली घातली. "देव तुझं भलं करो, बुर्गल."

"त्याला यात ओढू नकोस," ती म्हणाली.

*

अठरा सप्टेंबरला शनिवार होता. विगिलच्या तिसाव्या दिवसाची प्रार्थना मंगळवारी व्हायची होती. चौदा बस आल्या, मागून आणखी दोन. पुलापासून देवळापर्यंत रस्त्याच्या दोन्ही कडांना माणसे होती. त्यांतल्या कोणी टोपी काढलेली नव्हती, कारण ऊन कडक होते.

म्होरकी नवी होती. जुनी, आमसेल नावाची काळी गाय, विगिलपासून चार पावलांवर मेली होती. तिच्या जागी फाल्खी ही पिवळसर, भित्री गाय पुढे घातली होती. बाशिंगाचा सांगाडा विगिलने आमसेलच्या रुंद शिंगांच्या मापाने वळला होता. फाल्खीच्या कपाळावर ते डावीकडे कलले आणि आरसा आभाळाकडे झाला. बत्तीस गायी घंटा वाजवत रानातून खाली आल्या. पुलापाशी फाल्खी थांबली.

ती पुढे जाईना. मागे कळप साचत गेला. गिरणीवाला तिच्या कानाशी काही बोलला, आफ्राच्या मुलाने, क्लेमेन्सने, तिच्या पुठ्ठ्यावर थाप मारली. काठी वापरता येत नव्हती. पाहुण्यांसमोर काठी नको, असे दहाव्या कलमात होते. कॅमेरे वर झाले. माईकवाल्या मुलीने सांगितले, की गाईला आपल्या मालकाची वाट पाहावीशी वाटते आहे. लोक प्रेमाने हसले.

बुर्गल पुलाच्या पलीकडच्या टोकाला काळ्या कपड्यांत उभी होती. फाल्खी का थांबली हे तिला एकटीलाच ठाऊक होते असे नाही. पाचही घरांच्या माणसांना ते ठाऊक होते. इतकी वर्षे पुलापाशी पोचल्यावर विगिल पलीकडे जाऊन कळपाला हाक घालत असे. ती हाक त्यांच्या वडिलांची. दोन लांब सूर वर चढणारे आणि एक आखूड, घशात तुटल्यासारखा, खाली पडणारा. लहानपणी दोघे भावंडे गोठ्यामागे ती घोटत. विगिल गुराखी झाल्यावर बुर्गलने ती कधी तोंडातून काढली नाही, कारण हाक गुराख्याची असते.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिले. आल्बुइननेही पाहिले आणि लगेच नजर वळवली. येथेही कोणी तिला सांगितले नाही.

तिने तोंडाभोवती हात धरले आणि हाक दिली.

तो सूर तिच्या घशातून विगिलच्या आवाजात बाहेर आला. पडणारा शेवटचा स्वर हुबेहूब तसाच तुटला. आफ्राने हात तोंडावर घेतला. फाल्खीने कान पुढे केले, मान खाली घातली आणि पुलावर पाय ठेवला. तिच्यामागे एकतीस घंटा वाजू लागल्या. त्याच वेळी रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी टाळ्यांचा कडकडाट झाला.

"वा! पुन्हा एकदा म्हणाल का हो?" बुर्गलच्या शेजारचा एक सद्गृहस्थ म्हणाला. "माझा कॅमेरा सुरूच झाला नव्हता."

त्याच्या चेहऱ्यावर खरोखरीचा आनंद होता. त्याचा काही दोष नव्हता. देवळापाशी कळप पुन्हा रेंगाळला, आणि तिला पुन्हा हाक द्यावीच लागली.

*

पुढच्या जानेवारीत छापलेल्या पत्रकात पाचव्या क्रमांकाखाली एक ओळ वाढली: 'पुलावर गुराख्याच्या बहिणीची पारंपरिक हाक.' त्याच वसंतात करारपत्राच्या नवव्या कलमातले 'पाच वाजेपर्यंत' जाऊन 'हवामान पाहून' असे शब्द आले. हा बदल का केला, हे कागदावर नव्हते आणि सभेतही कोणी विचारले नाही.

कळप आता तिच्या हाकेला बांधला गेला होता. नवा गुराखी शेजारच्या खोऱ्यातला होता. त्याच्या हाकेला गुरे कुरणावर ऐकत, पुलावर ऐकत नसत. निदान तसे सर्वांनी ठरवले. त्यामुळे दर सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी बुर्गल पुलाच्या पलीकडच्या टोकाला उभी राहू लागली. एका वर्षी तिला ताप होता; आल्बुइन गाडी घेऊन दारात आला. तोच डांबरी रस्ता होता.

२०११ च्या जुलैत आफ्रा गेली. तिच्या गायी वर होत्या, तेव्हा रूढीप्रमाणे शब्द तिच्या घराचा होता. क्लेमेन्स बुर्गलकडे आला.

"आई सांगून गेलीय, फुलं काढायची नाहीत."

"असं कसं? तिनेच मला म्हटलं होतं, माझ्या वेळी गवत कोंबा."

"म्हटलं असेल. शेवटी म्हणाली, विगिलच्या आधी माझा नंबर नाही. त्याचं मुकं उतरणं राहिलं म्हणून माझ्या खोल्या भरल्या, आता त्याच्या पुढे घुसू कशी?"

गुरे फुलांनी उतरली. तीन वर्षांनी गिरणीवाला गेला; त्यानेही तोच निरोप ठेवला. त्यानंतर ज्यांच्या घरी मृत्यू झाला त्यांनी निरोप ठेवणेही सोडले, कारण जुन्यांनी जे लाजेपोटी केले ते नव्यांना नियम वाटले. अशा रीतीने एका माणसाचे राहिलेले देणे बाकी साऱ्यांच्या वाटेत उभे राहिले, आणि खोऱ्यात मुके उतरणे पुन्हा कधी झालेच नाही.

२०१६ मध्ये बुर्गलने कोणाला न विचारता एक गोष्ट केली. उतरण्याच्या आदल्या संध्याकाळी ती खोपीशी गेली. घंटा कुंपणाला ओळीने टांगलेल्या होत्या, चाळीस. सुके गवत मुठीमुठीने घेऊन तिने एकेक घंटा भरली. बोटे सोलली गेली. रूढी त्याच वर्षाची असते हे तिला ठाऊक होते. तेवीस वर्षांनी भरलेल्या घंटांना रूढीत नाव नाही, हेही ठाऊक होते. तरी ती भरत राहिली.

सकाळी ती पुलावर जाऊन उभी राहिली. रानातून कळप यायची वेळ झाली. तिने कान दिले. खुरांचा आवाज येईल अशी ती वाट पाहत होती.

घंटा वाजत आल्या. चाळीसही.

क्लेमेन्सची मुलगी, वीस-एकवीस वर्षांची, कळपाच्या पुढे धावत तिच्यापाशी आली. गाल उन्हाने लाल झाले होते. "बुर्गलआजी, बरं झालं लवकर उठलो आम्ही! सगळ्या घंटांत गवत अडकलेलं होतं. वाहतुकीला भरतात ना, तसं. नव्या गुराख्याने काढलंच नव्हतं. आम्ही सहा जणांनी बसून साफ केलं. एक तास गेला!"

"सगळ्या?" बुर्गलने विचारले.

"सगळ्या. एकही राहिली नाही."

शेजारीच आल्बुइन काठी टेकून उभा होता. त्याने ते बोलणे ऐकले. मुलीच्या बाहीला गवताची एक काडी चिकटलेली होती. ती त्याने उचलली, क्षणभर पाहिली आणि खिशात घातली. मग त्याने टोपी काढली. सबंध रस्त्यावर टोपी काढलेला तो एकटाच होता, आणि पाहुण्यांना वाटले म्हाताऱ्याला उकडते आहे.

म्होरकी पुलापाशी थांबली. बुर्गलने तोंडाभोवती हात धरले.

*

ती आज शहात्तर वर्षांची आहे. लेर्खहोफच्या सात खाटा अजून भरतात. पाहण्यासारखे काय आहे, असे विचारले की ती सातही क्रमांक सांगते आणि पाचव्यापाशी थांबते. आल्बुइन तीन वर्षांपूर्वी गेला. त्याच्या घराची गुरे नव्हती, म्हणून प्रश्न उद्भवला नाही. माईकवर आता दुसरी मुलगी सांगते, की या खोऱ्यात गुरे नेहमी फुलांनीच उतरतात.

विगिलच्या नावाचे एक मुके उतरणे देणे आहे. ते दिले गेलेले नाही.